मोजणे आणि पारखणे



आमच्या घरात या खेळाला शतरंज म्हणत आणि शाळेत बुद्धिबळ. वजीर, प्यादे, शह, मात हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीत इतके मुरले, की आता ते परके वाटतच नाहीत. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकाशी माझे नाते तसे लांबचेच. पण हे यंत्र बुद्धिबळ कसे खेळते, याचे कुतूहल मला स्वस्थ बसू देत नाही.

डाव सुरू होताना पांढऱ्याला २० खेळ्या उपलब्ध असतात, १६ प्याद्यांच्या आणि ४ घोड्यांच्या. काळ्याने उत्तर दिले की ४०० शक्यता होतात. दोघांच्या दोन-दोन खेळ्या झाल्या की १,९७,२८१ आणि तीन-तीन झाल्या की ११ कोटी ९० लाखांच्या वर! नवा प्रोग्राम लिहिणारे आधी हेच आकडे बरोबर येतात का, आणि किती वेळात येतात, ते तपासून पाहतात.

१९५० साली क्लॉड शॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने यावर मूलभूत निबंध प्रसिद्ध केला. सगळे डाव शेवटपर्यंत तपासणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्यातले नाही, हे त्याने गणिताने दाखवले. म्हणून काही खेळ्यांपर्यंतच पुढे पाहायचे, तिथे थांबायचे आणि समोरच्या स्थितीला गुण द्यायचे. वजिराला ९, हत्तीला ५, उंट आणि घोड्याला ३-३, प्याद्याला १. शिवाय राजा सुरक्षित आहे का, प्यादी कशी उभी आहेत, तेही पाहायचे.

आमच्या सावद्याच्या लोकांना हे समजायला अवघड जाऊ नये. केळीचा जाणता व्यापारी बागेत एक फेरी मारतो आणि मालाचा अंदाज बांधतो. तो प्रत्येक घडाच्या फण्या मोजत बसत नाही.

दुसरी युक्ती छाटणीची. केळीच्या बुंध्याशी फुटणारी सगळीच पिले कोणी वाढू देत नाही. यंत्रही तसेच करते. समजा, पहिली खेळी तपासली आणि तीत डाव बरोबरीत राहतो असे कळले. मग दुसरी खेळी घेतली. तिला प्रतिस्पर्ध्याचे पहिलेच उत्तर असे, की आपला वजीर फुकट जातो. आता त्याची उरलेली उत्तरे पाहायची गरजच काय? ती खेळी तिथेच बाद. प्रत्येक वेळी ३० खेळ्या शक्य असतील, तर चार खेळ्यांपर्यंत पाहायला ८,१०,००० स्थिती तपासाव्या लागतात. चांगली खेळी आधी तपासण्याचा क्रम अचूक जमला, तर तेच काम १,७९९ स्थितींत होते. आणि उत्तर तेच येते!

आता वेगाची गोष्ट. सेकंदाला किती स्थिती पाहिल्या, हे यंत्राच्या वेगाचे माप. १९९७च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये 'डीप ब्लू' या संगणकाने गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले. तो सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. तेव्हा वाटले, वेग म्हणजेच बळ.

पण या मापात गोम आहे. एक प्रोग्राम केलेली प्रत्येक खेळी मोजतो, दुसरा फक्त गुण दिलेल्या स्थिती. एकाने शेर वापरावा आणि दुसऱ्याने किलो, तशातली गत. म्हणून जाणकार त्याच प्रोग्रामची जुनी आणि नवी आवृत्ती एकाच यंत्रावर, ठरावीक स्थिती देऊन चालवतात. स्थितींची एकूण संख्या तीच राहिली आणि वेळ कमी लागला, तर वेग खरोखर वाढला. खेळ सुधारला की नाही, हे मात्र हजारो डाव खेळवूनच कळते.

२०१७च्या डिसेंबरमध्ये 'अल्फाझिरो'चे निकाल जाहीर झाले. स्वतःशीच खेळून शिकलेला हा प्रोग्राम सेकंदाला जेमतेम ८०,००० स्थिती पाहत होता, तर समोरचा 'स्टॉकफिश' ७ कोटी. शंभर डावांत अल्फाझिरोने २८ जिंकले, ७२ बरोबरीत सुटले, हरला एकही नाही. सामन्याच्या अटींवर टीका झाली, पण मुद्दा पोहोचला. २०२० साली स्टॉकफिशनेही शिकून पारखण्याची पद्धत स्वीकारली. त्याचा वेग घटला आणि बळ वाढले.

गझल लिहिताना मला हेच जाणवते. एका काफियाला पन्नास शब्द जुळतात. ते सगळे ओळीत बसवून पाहणारा शेर लिहू शकत नाही. कोणता शब्द तपासायचाच नाही, हे कळायला वर्षे जातात.

२०२५च्या जुलैमध्ये नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. अशा सामन्यांच्या प्रक्षेपणात पडद्याच्या कडेला यंत्राच्या गुणांची पट्टी वरखाली होत असते. ती पाहून घरबसल्या कोणीही म्हणतो, 'ही खेळी चुकली!' खेळणाऱ्या मुलींना ती पट्टी दिसत नसते. त्यांच्यासमोर पट असतो आणि चालते घड्याळ.

आज हे प्रोग्राम प्रत्येक मोबाईलमध्ये आहेत, आणि खेड्यातल्या मुलाला असा शिक्षक फुकट मिळणे ही मोठीच गोष्ट आहे. फक्त पालकांनी एक सवय लावावी. मुलाने आधी आपली खेळी वहीत लिहावी, ती का निवडली तेही लिहावे, आणि मगच यंत्राला विचारावे. यंत्र उत्तर देईल, पण कारण शब्दांत सांगणार नाही. ते मुलालाच शोधावे लागेल.