बर्फ नसलेल्या गावात स्लॅलम

नाचाचे कपडे घालून मघापासून ताटकळलेल्या मुलांनो,

तारपा अजून वाजायचा आहे, त्यामुळे मी फार वेळ घेणार नाही. विषय मात्र लांबचा आणलाय: बर्फावरचं स्कीइंग. सूर्या नदीच्या काठावर बर्फाचं काय काम, म्हणून हसलात ना? हसा खुशाल.

ज्याला उभंही राहता येत नाही असा खेळाडू डोंगरउतारावरून ताशी शंभर किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने खाली येतो. एका स्कीवर बसवलेली सीट, तिच्याखाली धक्के झेलणारी स्प्रिंग आणि हातांत टोकाला छोट्या स्की लावलेल्या काठ्या. याला सिट-स्की म्हणतात. दृष्टिहीन खेळाडूही उतरतात. पुढे वाटाड्या असतो, तो हेल्मेटमधल्या रेडिओवरून वळणं सांगत जातो, आणि जिंकले तर पदक दोघांनाही मिळतं. आता कमरेखाली अधू असलेला आणि छातीपासून खाली अधू असलेला, हे दोघे एकाच शर्यतीत असतील तर? प्रत्येक गटाला एक गुणक ठरवून दिलेला असतो, घड्याळातल्या वेळेला त्याने गुणायचं. गणित कशाला शिकायचं असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं!

हिवाळी पॅरालिम्पिक 1976 मध्ये स्वीडनला सुरू झालं. 2022 च्या बीजिंगपर्यंत त्यात भारताचा एकही खेळाडू उतरला नव्हता. बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंचं स्पेशल ऑलिम्पिक्स वेगळं. तिथे 2025 मध्ये इटलीतल्या तुरीनहून आपल्या मुलामुलींनी 33 पदकं आणली, त्यांत अल्पाइन स्कीइंगचीही होती. म्हणजे बर्फाचं आणि आपलं अगदीच वाकडं नाही.

स्कीइंगमध्ये स्लॅलम नावाची शर्यत असते. रोवलेल्या खांबांमधून नागमोडी वळत खाली यायचं. व्हीलचेअरवरही स्लॅलम होती, तिला बर्फ लागत नव्हता. 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये या शर्यतीच्या अंतिम फेरीत एक मराठी माणूस होता: सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर. लष्करातले बॉक्सर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर अधू झालं. उपचार म्हणून पोहू लागले. 1968 मध्ये तेल अवीवला टेबल टेनिस खेळून आले आणि हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. अभिनव बिंद्राच्या ऑलिम्पिक सुवर्णाच्या आधी 36 वर्षं! पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. एवढी वर्षं आपण काय करत होतो, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्या गुरुजनांकडे असेल तर विचारा.

पेटकरांना लोक जिद्दीचे पुतळे करतात. मला ते पटत नाही. जिद्द होतीच, पण तिच्याबरोबर पोहायला तलाव होता, विमानाच्या तिकिटाचे पैसे उभे करणारे लोक होते आणि उतरायला एक शर्यत होती. यातलं एक जरी नसतं तरी जिद्द घरात बसून राहिली असती. मी गावोगावच्या क्रीडास्पर्धा पाहतो. कॅलिपर लावलेल्या मुलाला गुण लिहायला टेबलाशी बसवतात आणि वर त्याचं कौतुकही करतात. अहो, त्याला खेळायचं असतं!

म्हणून मुख्याध्यापकांकडे एक मागणं आहे. पुढच्या वर्षी या मैदानावर फक्कीने नागमोडी वाट आखा, बांबूला झेंड्या बांधा. व्हीलचेअर, कुबड्या, डोळ्यांवर पट्टी आणि सोबत वाटाड्या, सगळ्यांना उतरू द्या. आसपासच्या पाड्यांवरची शाळेत न येणारी मुलंही बोलवा. गुणक ठरवायचं काम दहावीच्या वर्गाकडे द्या, चुकले तर पुन्हा मांडतील. दोन जुन्या व्हीलचेअर दुरुस्त करून मी पाठवतो. बोईसरला वेल्डिंगवाल्यांची काही कमतरता नाही. पहिल्या तिघांची बक्षिसंही माझ्याकडून. नावं सोमवारपासून खेळाच्या सरांकडे द्यायची.

चला, तारपावाल्यांना बोलवा.