काम करण्याचा हक्क आणि थांबण्याचा हक्क

(नागपूर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने एका अभिनेत्रीवर बोलायला उभे राहावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. दूरचित्रवाणीवरील मालिका हा आपल्या वर्तुळात बहुधा चेष्टेचा विषय असतो. सासूसुनांच्या त्या कारस्थानांचे समर्थन मलाही करावयाचे नाही. परंतु पडद्यावर दिसणारी सासू ही सकाळी कामावर येणारी आणि रात्री थकून परतणारी एक श्रमिक स्त्री असते, एवढे तरी समाजवाद्यांच्या ध्यानात असावयास हवे.

आशालता वाबगावकर यांचे २२ सप्टेंबर २०२० रोजी साताऱ्यात निधन झाले. त्यांचे वय ७९ होते. सातारा जिल्ह्यात ‘आई माझी काळूबाई’ या मालिकेचे चित्रीकरण चालू असताना त्यांना करोनाची लागण झाली. त्या संचातील इतरही अनेकजण बाधित झाले होते. वृत्तपत्रांनी श्रद्धांजलीचे रकाने लिहिले, ते योग्यच झाले. पण कामाच्या जागी लागण होऊन एक कामगार दगावला, अशी या घटनेची नोंद फारशी कोणी केली नाही.

आशालताबाई मूळच्या गोव्याच्या. आकाशवाणीवर कोकणी गाणी गाता गाता त्या संगीत रंगभूमीवर आल्या. १९६४ साली वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’तील सत्यवतीने त्यांना नाव मिळवून दिले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे होते. आमच्या पिढीतील कितीतरी लोकांनी त्यांना आधी रेडिओवर ऐकले आणि पुष्कळ नंतर पाहिले. १९८० मध्ये बासू चॅटर्जींच्या ‘अपने पराये’ने हिंदी चित्रपटाचे दार उघडले, आणि त्यानंतर ‘अंकुश’सारखे चित्रपट धरून शंभरावर चित्रपट झाले. मात्र गाणारी नायिका त्यात कोठेच उरली नाही. चाळिशीतच आई, सासू, वडीलधारी बाई या साच्यात त्या बसविल्या गेल्या, आणि पुढील चार दशके त्या तेथेच राहिल्या. नायक साठीतही नायक राहतो, हा आपल्या व्यवसायाचा न्याय! आणि साचा ठरला की मोलही ठरते.

चरित्र अभिनेत्याचे आर्थिक स्थान नीट समजून घेतले पाहिजे. चित्रपट चालला तर नफ्यात त्याचा वाटा नसतो, आणि पडला तर पहिली कात्री त्याच्याच मोबदल्याला लागते. दैनंदिन मालिकांनी त्याला नियमित काम दिले, हे मान्य करावयास हवे. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ ते २०१३ अशी अकरा वर्षे चालली आणि तिचे तीन हजारांवर भाग झाले. एवढा दीर्घ रोजगार नाटकाच्या दौऱ्यांनी क्वचितच कोणाला दिला असेल. पण हा रोजगार दिवसाच्या हिशेबाचा. कथानकातून पात्र काढले की नोकरी संपली. त्यातही या धंद्याची रीत अशी की, केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी मिळावयाचे. मजूर मालकाला उधारीवर श्रम देतो, असे मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात दाखवून दिले आहे; त्याच्या उदाहरणांत ही उधारी बहुधा आठवड्याची असते. तीन महिन्यांच्या बिनव्याजी कर्जाचे नाव मात्र आम्ही ‘ग्लॅमर’ ठेवले आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. टाळेबंदीनंतर ३० मे २०२० रोजी राज्य सरकारने चित्रीकरणाची नियमावली काढली आणि पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना संचावर येण्यास मनाई केली. लहानसहान भूमिका करणारा सत्तर वर्षांचा एक नट याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेला. आपल्याला उत्पन्नाचे दुसरे साधन नाही, असे त्याचे म्हणणे होते. ७ ऑगस्टला न्यायालयाने ही मनाई भेदभावाची ठरवून रद्द केली. वृद्ध माणूस दुकान उघडून दिवसभर बसू शकतो, मग तो अभिनय का करू शकत नाही, हा प्रश्न बिनतोडच होता. या निकालानंतर सहा-सात आठवड्यांनी आशालताबाई गेल्या.

निकाल चुकला असे मी म्हणणार नाही. आशालताबाई पैशाच्या निकडीने तेथे गेल्या, असेही मी म्हणत नाही. कामावर त्यांचे प्रेम होते आणि तो निर्णय त्यांचा होता. मी त्या सत्तरीतल्या नटाचा विचार करतो. सरकारने त्याला घरी बसविले, पण घरी बसून त्याने काय खावे हे सांगितले नाही. न्यायालयाने त्याला कामाचा हक्क परत दिला. साथीच्या काळात काम नाकारण्याची ऐपत देणे न्यायालयाच्या हाती नव्हते. ते काम निवृत्तिवेतनाचे आहे, म्हणजे राज्याचे आणि आमच्यासारख्या पक्षांचे आहे. करोनापुरता विमा संघटनांनी भांडून मिळविला. वार्धक्याचा विमा कोणाच्या मागणीपत्रात ठळकपणे दिसला नाही.

कायद्याची गतीही पाहा. १९८१ च्या सिने-कामगार कायद्याची व्याख्या कथाचित्रपटापुरती होती. मालिका त्यात आल्याच नाहीत. २०२० च्या संहितेने ‘दृक्श्राव्य कामगार’ असा व्यापक शब्द योजला, पण ती संहिता अंमलात यावयास २१ नोव्हेंबर २०२५ उजाडावे लागले. राज्य सरकार वृद्ध कलावंतांना जे मानधन देते, ते २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये झाले आहे. नागपुरात तेवढ्यात खोलीचे भाडे आणि औषधे भागवून पाहावीत.

आणि आपल्या विदर्भाचे काय? दिवाळीनंतर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागांत झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या. हंगाम संपला की तेथील नट शेताकडे किंवा मजुरीकडे वळतो. त्याचे काम कॅमेऱ्यापुढे होत नाही, म्हणून ‘दृक्श्राव्य’ या नव्या व्याख्येतही तो बसत नाही. तेव्हा पुढील हंगामापूर्वी वडशाच्या कार्यकर्त्यांनी मंडळ्यांमध्ये हिंडून कोणाशी लेखी करार होतो, कोणाशी तोंडी, आणि साठीपुढचे किती नट अजून रंगमंचावर उभे राहतात, याची यादी करून आणावी.