संगणक : जुळविलेला की तयार?

(वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



आज ज्यांचा गौरव झाला त्यांपैकी कित्येकांना यंदा संगणक लागेल. तयार यंत्र घ्यावे की सुटे भाग आणून घरी जुळवावे, असे पालक विचारतात. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. या शास्त्रातला पंडित नव्हे. तथापि या प्रश्नाची किंमत माझ्या घराने मोजली आहे, म्हणून चार शब्द बोलतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. संगणक जुळविणे म्हणजे तो मुळापासून घडविणे नव्हे. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, वीजपुरवठ्याची पेटी हे सारे विकतच आणावयाचे. आपली असते ती निवड आणि जुळणी. १९७५ साली अमेरिकेत ‘अल्टेअर ८८००’ हे यंत्र सुट्या भागांच्या संचरूपाने निघाले, तेव्हा घेणारास डाख देत बसावे लागे. आज स्क्रू-ड्रायव्हर आणि धीर पुरतो.

राष्ट्राचीही हीच गोष्ट. प्रबळ महासंगणक आपणांस विकण्यास अमेरिका एके काळी कचरत होती. १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली पुण्यात ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यातील ट्रान्सप्युटर चिपा इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या. परंतु त्यांना एकत्र कामास जुंपण्याची विद्या आपली.

आता घरचा अनुभव. मुलीसाठी मी एका दुकानात जुळवून मिळालेला संगणक आणला. स्वस्त मिळाला याचेच समाधान. आत काय आहे ते विचारले नाही. पहिल्याच पावसाळ्यात वीजपुरवठ्याची पेटी जळाली, ती मदरबोर्ड घेऊनच. परीक्षा तोंडावर आणि मुलीचे सारे लेखन त्यात अडकलेले. पावतीवर नुसते ‘संगणक एक’. दाद कशाच्या आधारे मागणार? दोष दुकानदाराचा होता, तसा माझाही.

पुढचे यंत्र मुलीने लॅमिंग्टन रोडवरून भाग पारखून आणून जेवणाच्या टेबलावर स्वतः जुळविले. कळ दाबली, तो पडदा काळाच! माझा जीव खाली-वर झाला. रॅमची पट्टी पुरती बसली नव्हती, हे तिने अर्ध्या तासात शोधून काढले. तो अर्धा तास मला यंत्राहून मोलाचा वाटतो.

मग सर्वांनी जुळवावेच काय? तसे नव्हे. ज्यास रोज महाविद्यालयात न्यावयाचा आहे त्याने तयार लॅपटॉपच घ्यावा. घरात निगा राखणारे कोणी नसेल तरीही तयार यंत्र बरे; बिघडल्यास एकाच दारी जावे लागते. स्वतः जुळविल्यास प्रत्येक भागाची हमी निराळी. मात्र पुढे एकच भाग बदलून काम भागते. केवळ बचतीच्या आशेने जुळवू नये. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कडाडले तेव्हा अनेकांचे हिशेब कोलमडले.

कोणताही घ्या, तीन गोष्टी पाळा. पावतीवर प्रत्येक भागाचे नाव व क्रमांक लिहून घ्या. वीजपुरवठ्याच्या पेटीत काटकसर करू नका. आणि आपल्या कामाची एक प्रत नेहमी दुसरीकडे ठेवा.

शेवटी मंडळास एक विनंती. दिवाळीच्या सुटीत कार्यालयातील एखादा जुना संगणक उघडून पुन्हा जोडण्याचा वर्ग भरवावा. मुलींनी पुढे यावे आणि पालकांनीही बसावे. आत काय आहे हे ज्यास ठाऊक, त्याची तयार यंत्र घेतानाही सहसा फसगत होत नाही. त्या वर्गात मीही येईन, या खेपेस विद्यार्थी म्हणून.