तारणाचा दरम्यानचा हुकूम आणि अपिलाचा अधिकार
(पाचोड येथील वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



शेती आणि उधारीचा व्यापार करणाऱ्यास दिवाणी कोर्टाची पायरी केव्हा चढावी लागेल, याचा नेम नाही. दाव्याचा निकाल लागण्यापूर्वीच कोर्टाने ‘तारण द्या’ असे फर्माविले, तर त्यावर अपील चालते काय, एवढाच प्रश्न आम्ही आज आपणापुढे मांडणार आहोत.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, अपील हा कायद्याने दिलेला अधिकार आहे. हुकूम अन्यायाचा वाटला एवढ्याने तो उत्पन्न होत नाही. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता आपल्या मराठवाड्यास १९५१ साली लागू झाली. तिच्या कलम १०४ व आदेश ४३ मध्ये अपीलयोग्य हुकुमांची यादी आहे. जो हुकूम यादीत नाही, त्यावर सामान्यतः अपील नाही.

समजा, येथील पेठेतील एखाद्या व्यापाऱ्यावर येणे रकमेचा दावा झाला, आणि तो मालमत्ता विकून टाकील असे वादीने कोर्टास सांगितले. आदेश ३८, नियम ५ अन्वये कोर्ट त्यास तारण देण्यास, अथवा ते का देऊ नये याचे कारण दाखविण्यास सांगते. हा नियम यादीत नाही. त्याने दोन्ही केले नाही आणि नियम ६ खाली जप्ती झाली, तर मात्र अपील आहे. मुदत जिल्हा न्यायालयात ३० दिवसांची, उच्च न्यायालयात ९० दिवसांची. तेव्हा वेळेवर कारण दाखविणे हाच पहिला बचाव होय. नुसते येणे खरे आहे म्हणून जप्ती होत नाही. हुकूमनामा निष्फळ करण्याचा प्रतिवादीचा हेतू दिसला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ‘रामन टेक’ प्रकरणी सांगितले आहे. शेतकऱ्याच्या ताब्यातील शेतमाल तर नियम १२ मुळे निकालापूर्वी जप्तच करता येत नाही.

वादीकडून खर्चाचे तारण मागणारा आदेश २५ खालील हुकूमही यादीबाहेरचा आहे. तारणाअभावी दावा काढून टाकला गेला आणि तो पूर्ववत करण्याचा अर्ज फेटाळला गेला, तर अपीलयोग्य दाव्यात त्या नामंजुरीवर अपील चालते.

यादीबाहेरच्या हुकुमाने सर्व दारे बंद होतात असे नव्हे. निकालावर परिणाम करणारी चूक असल्यास कलम १०५ प्रमाणे अंतिम अपिलात आक्षेप घेता येतो. पुनरीक्षणाची वाट २००२ पासून अरुंद झाली आहे; तथापि घटनेच्या अनुच्छेद २२७ अन्वये उच्च न्यायालयाची देखरेख कायम आहे, आणि त्याचे खंडपीठ २७ ऑगस्ट १९८१ पासून आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीच बसते. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या शाह बाबुलाल खिमजी प्रकरणी, पक्षकाराच्या मोलाच्या हक्कांस बाध आणणारा दरम्यानचा हुकूमही उच्च न्यायालयातील अंतर्गत अपिलास पात्र ठरू शकतो, असा निर्णय दिला.

म्हणून आमची विनंती अशी की, नोटीस हाती येताच ती वकिलास दाखवावी, तारीख चुकवू नये, व हुकुमाची नक्कल तत्काळ मागावी. निकालापूर्वीची जप्ती माणसाची पत घालविते. आणि गेलेली पत पुढे दावा जिंकूनही लवकर परत येत नाही.