गाण्याचे एकमेव गिऱ्हाईक

रुमानियात १९४८ साली उद्योगांचे राष्ट्रीयीकरण झाले. ध्वनिमुद्रिका काढणारी ‘इलेक्ट्रेकॉर्ड’ सरकारची, नभोवाणीही सरकारची. गायकाच्या गळ्याला गिऱ्हाईक एकच उरले! लोकप्रिय सुगम गायक झाँ मोस्कोपोल युद्धानंतर देशाबाहेर पडला, राजवटीची टिंगल करणारी गाणी गात राहिला आणि १९८० साली न्यूयॉर्कमध्ये वारला. बुखारेस्टचा जिका पेत्रेस्कू मात्र मागे राहिला. त्याला संधिसाधू ठरवणे सोपे आहे. परंतु दिवसभर राबलेल्या कामगाराला सायंकाळी काय गुणगुणावेसे वाटते, हे प्रचारखात्यापेक्षा त्यालाच अधिक उमगले होते. मालकी समाजाची झाली म्हणून निवड एका कचेरीने का करावी, हे समाजवाद्यांनीच विचारायला हवे होते. जुन्या बुखारेस्टची, मद्याच्या मैफलींची गाणी पेत्रेस्कू १९८९ नंतरही गात होता. २००६ साली तो निवर्तला.