केसपेपरवर नसलेल्या गोळ्या
(स्वागताध्यक्षीय भाषण)



२५ सप्टेंबर १९३० च्या चिरनेर जंगल सत्याग्रहातील हुतात्म्यांच्या आणि घारापुरीच्या लेण्यांच्या या उरण तालुक्यात, कर्करोगाची औषधे व पूरक आहार यांच्या एकत्रित वापरावर विचार करण्यासाठी आलेल्या सर्वांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते.

येथील रुग्ण मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जात आले. पुढे त्याच संस्थेचे खारघरचे केंद्र उभे राहिले आणि १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू व उरण लोकल यांचे एकाच दिवशी उद्घाटन झाल्याने वाट सुकर झाली. मात्र रुग्णाच्या पिशवीत केसपेपरबरोबर कुणीतरी सुचवलेली हळदीची कॅप्सूल किंवा गुळवेलीचा रसही असतो, आणि त्याची नोंद केसपेपरवर सहसा नसते.

ही नोंद का हवी, हे टॅमॉक्सिफेनवरून स्पष्ट होते. स्तनाच्या कर्करोगावरील हे औषध यकृतातील विकरांमुळे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांमुळे, एंडॉक्सिफेन या अधिक प्रभावी रूपात बदलते. रॉटरडॅम येथील संशोधकांच्या २०१९ मधील एका छोट्या अभ्यासात हळदीतील कर्क्युमिन आणि मिरीतील पायपरिन एकत्र दिले असता रक्तातील एंडॉक्सिफेन सुमारे १२ टक्क्यांनी घटले, आणि काही रुग्णांत ते परिणामकारक पातळीखाली जाण्याची शक्यता दिसली. तेथे कर्क्युमिनची रोजची मात्रा ३.६ ग्रॅम होती. हळदीत हा घटक साधारण ३ टक्केच असल्याने तेवढ्यासाठी १०० ग्रॅमहून अधिक हळद लागेल, म्हणून आमटीतील चिमूटभर हळदीचा न्याय कॅप्सूलला लावता येत नाही.

सरसकट बंदीही शास्त्राला धरून होणार नाही. फुप्फुसाच्या कर्करोगात वापरल्या जाणाऱ्या पेमेट्रेक्सेडबरोबर दुष्परिणाम आटोक्यात ठेवण्यासाठी फॉलिक अ‍ॅसिड व जीवनसत्त्व बी-१२ द्यावेच लागते, तर तेच फॉलिक अ‍ॅसिड कॅपेसिटाबिन या कर्करोगावरील दुसऱ्या औषधाबरोबर घेतल्यास त्या औषधाची विषारता वाढू शकते. गुळवेलीबाबत तर मतभेदच आहेत: मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये ती घेणाऱ्या सहा रुग्णांतील यकृताच्या इजेची नोंद प्रसिद्ध केली आणि आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, तथापि केमोथेरपीमुळे यकृतावर आधीच ताण असलेल्या रुग्णाने हा वाद मिटण्याची वाट न पाहता आपण काय घेतो ते डॉक्टरांना सांगणे हिताचे आहे.

रुग्ण बहुधा बोलणी बसतील या धास्तीने गप्प राहतो. म्हणून डॉक्टर, वैद्य, औषधविक्रेते आणि आशा सेविका यांनी न रागावता विचारावयाच्या प्रश्नांचा एक मराठी तक्ता या परिषदेने तयार करावा, अशी स्वागत समितीची विनंती आहे. व्यवस्थेत काही उणे राहिल्यास प्रतिनिधींनी उदार मनाने सांभाळून घ्यावे आणि चर्चेत मात्र कोणतीही भीड बाळगू नये.