गेलेल्या उपकरणांच्या उरलेल्या नोंदी



शाळेच्या जडवस्तुसंग्रह नोंदवहीत एखादी वस्तू चढविणे सोपे असते. ती तेथून उतरविणे किती कठीण, हे मुख्याध्यापकांना सांगावयास नको. खुर्चीचा पाय मोडतो, ती कोठीत जाते, पुढे वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडते. तरी रीतसर निर्लेखन होईपर्यंत कागदावर ती खुर्ची उभीच असते. घरातील संगणकाच्या पोटातही अशीच एक नोंदवही असते. विंडोज प्रणालीवर चालणाऱ्या संगणकास एकदा जोडलेल्या उपकरणाची नोंद तो करून ठेवतो, आणि उपकरण काढून नेल्यावरही ती नोंद सहसा आपण होऊन पुसत नाही.

या नोंदींनी बिघडते ते काय, असा प्रश्न साहजिक आहे. बहुधा काहीच बिघडत नाही. पण क्वचित काय घडते, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे.

एका खेड्यातील गुरुजी पाचवीच्या वर्गाची गुणपत्रके घरच्या प्रिंटरवर छापीत होते. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ मे रोजी, ती वाटावयाची होती. टेबल आवरताना त्यांनी प्रिंटरची केबल संगणकाच्या मागील यूएसबी पोर्टमधून काढून पुढील पोर्टमध्ये खोचली होती. छपाईची आज्ञा दिली, पण कागद हलेना. यादी उघडून पाहता एकाच प्रिंटरची दोन नावे दिसली. दुसऱ्या नावापुढे ‘कॉपी १’ असे लिहिलेले. आज्ञा गेली होती जुन्या नावाकडे, आणि त्या नावाचा प्रिंटर आता जागेवर नव्हता. तेवढ्या अवधीत गुरुजींच्या ध्यानात आले, की एका मुलीचे गणिताचे ३४ गुण १४ असे टंकले गेले आहेत. त्यांनी चूक सुधारली, नव्या नावाकडे आज्ञा दिली आणि अठ्ठावीस गुणपत्रके निर्वेध छापून निघाली.

सकाळी पंख्याची वायर ओढताना केबल आड येऊ लागली, म्हणून ती पुन्हा मागील पोर्टमध्ये गेली. त्याबरोबर जुने नाव जागे झाले. रात्रभर रांगेत तिष्ठत पडलेली ती पहिली अठ्ठावीस गुणपत्रके, चुकीच्या गुणांसह, गुरुजी स्नानास गेले असता आपोआप छापली गेली. घाईत तोच गठ्ठा शाळेत गेला. सायंकाळी मुलीचे वडील दारात येऊन उभे राहिले. “गुरुजी, पोरगी सकाळपासून जेवली न्हाई. गणितात खरंच राहिली का वो ती?” गुरुजींनी दुरुस्त गुणपत्रक तेथल्या तेथे हाती दिले, पण त्या मुलीचा तो दिवस काही परत देता आला नाही.

असे का व्हावे? काही उपकरणांच्या अंगी स्वतःचा असा अनुक्रमांक असतो; त्यांना संगणक कोणत्याही पोर्टमध्ये ओळखतो. ज्यांना तो नसतो, त्यांची ओळख तो जागेवरून ठरवितो. खिडकीजवळ बसणारा मुलगा दाराजवळ बसला की त्याला नवा विद्यार्थी समजून हजेरीपटावर दुसरे नाव चढवावे, तसलाच हा प्रकार! मूळ नाव तसेच राहते, आणि त्याच्या नावे सोपविलेले काम त्याची वाट पाहत राहते. कधी संगणकात नवे नेटवर्क कार्ड बसविल्यावर जुन्या कार्डाचा पत्ता त्यास देऊ जावे, तर तो पत्ता दुसऱ्या, न दिसणाऱ्या कार्डाकडे आहे, असे उत्तर येते. ते कार्ड भंगारात जाऊन वर्ष लोटलेले असते.

तथापि संगणकास दोष देणे अन्यायाचे होईल. तो नोंद ठेवतो ती सोयीसाठी. आठ दिवसांनी तेच उपकरण परत आले, तर त्याच्या मांडणीसह ते तत्काळ चालू व्हावे, हा त्यातील हेतू. अडचण इतकीच, की आज गैरहजर कोण आणि दाखला घेऊन कायमचा गेला कोण, हे त्याला कळत नाही. ते घरच्या माणसालाच ठाऊक असते. म्हणून हे निर्लेखन माणसानेच, एकेक नाव वाचून करावयाचे आहे.

प्रिंटरच्या बाबतीत प्रथम जुन्या नावाची रांग उघडावी व तीत अडकलेली सर्व कामे रद्द करावीत. हे न करता पुढे जाऊ नये. गुरुजींच्या घरी सारा घोटाळा येथेच झाला. मग सेटिंग्जमधील प्रिंटरांच्या यादीतून ते नाव काढावे. कंपनीने दिलेला प्रोग्राम संगणकात असेल आणि त्या कंपनीचे दुसरे उपकरण घरात नसेल, तर तोही ॲप्सच्या यादीतून रीतसर काढावा.

यानंतर मूळ नोंदवहीकडे वळावे. स्टार्ट बटणावर माउसचे उजवे बटण दाबले असता ‘डिव्हाइस मॅनेजर’ हे नाव दिसते. ते उघडून ‘व्ह्यू’ या सदरातील ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडावे. विंडोज ७ व त्यापूर्वीच्या प्रणालींत एवढ्याने भागत नसे; आधी एक लांबलचक आज्ञा टंकावी लागे. विंडोज ८ पासून तो खटाटोप उरला नाही. आता यादीत काही चित्रे ठळक व काही फिकट दिसतील. फिकट ती जागेवर नसलेली. अशा नावाचे गुणधर्म उघडले असता हे उपकरण सध्या जोडलेले नाही, असा मजकूर व त्यापुढे ४५ हा संकेतांक दिसतो. खात्री पटल्यावर त्या नावावर उजवे बटण दाबून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडावे. गुरुजींच्या प्रिंटरची फिकट नावे दोन ठिकाणी सापडली: एक ‘प्रिंट क्यूज’ या गटात आणि दुसरे यूएसबीच्या गटात, ‘यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट’ या नावाने.

त्याच वेळी ड्रायव्हरही काढून टाकावा काय, अशी चौकट पुढे येते. ड्रायव्हर म्हणजे त्या उपकरणाशी बोलण्याची रीत जाणणारा छोटा प्रोग्राम. तोच ड्रायव्हर दुसऱ्या एखाद्या उपकरणास लागत असेल, तर तो काढल्याने चालते उपकरण मुके होईल. एकाच प्रिंटरच्या दोन नावांत तर ड्रायव्हर एकच असतो. तेथे ती चौकट रिकामीच ठेवावी.

ठळक चित्रांना हात लावू नये. आणि फिकट दिसते ते सारे निकामी, असेही नव्हे. बंद असलेला ब्लूटूथ हेडफोन फिकट दिसतो. त्याची नोंद काढली तर पुन्हा जोडणी करण्याचा उपद्व्याप करावा लागेल. साठवणीच्या ‘शॅडो कॉपीज’ही फिकट दिसतात, त्यांच्या वाटेस जाऊ नये. काम आरंभण्यापूर्वी ‘रिस्टोअर पॉइंट’ करून ठेवावा, म्हणजे काही चुकल्यास मागील स्थितीवर येता येते. ही सोय कित्येक संगणकांवर मुळात बंदच असते, म्हणून ती आधी पाहून घ्यावी.

अशा सफाईने संगणक वेगवान होतो, असा एक समज पसरला आहे. त्यात फारसे तथ्य नाही. काही डझन नोंदींचा भार यंत्रास जाणवण्याजोगा नसतो. एका कळीने सारी रजिस्ट्री स्वच्छ करून देण्याची हमी देणारे प्रोग्राम तर दूरच ठेवलेले बरे. रजिस्ट्री हीच ती मूळ नोंदवही, आणि तीत परक्याने डोळे झाकून खाडाखोड केली तर संगणक सुरूच न होण्याची पाळी येऊ शकते. अशा प्रोग्रामांच्या वापरास खुद्द मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही.

गुरुजींनी त्या रविवारी यादी वाचावयास घेतली तेव्हा फिकट नावे अकरा निघाली. प्रिंटरची दोन गेली. विजेच्या लोळाने जळालेले नेटवर्क कार्ड गेले, दोन जुने माउस गेले, मुलाने पुण्यास नेलेला कळफलक आणि त्याचा कॅमेरा गेला. चार नावे त्यांनी ठेवली: स्वतःचा मोबाईल, हेडफोन, शाळेच्या कामाचा पेन ड्राइव्ह, आणि मॉनिटरांच्या गटात फिकट दिसणारा शाळेचा प्रोजेक्टर. तो जूनमध्ये पाठाच्या तयारीसाठी पुन्हा घरी यावयाचा होता.